वरच्या ओळीचे माप

तीर्थरूप काकांना पुतण्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? जिना चढताना तुम्ही अजून पायऱ्या मोजता, असे काकूने कळवले. टेप सुटली तरी मोजणे सुटले नाही, हे वाचून बरे वाटले. इकडे सर्व क्षेम आहे. (शिलाईचे दुकान उभे आहे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.)

तुम्ही निवृत्त झाल्यावर मालकीणबाईंनी गिऱ्हाइकांच्या मापांची तुमची एक्सेलची फाइल नव्या डेटाबेसमध्ये चढवायचे काम माझ्याकडे दिले. चौदाशे ओळी, सगळ्या तुम्ही दोन बोटांनी टंकलेल्या. दुबार नावे सापडावीत म्हणून मी आधी फाइल नावांच्या क्रमाने लावली. मग डेटाबेसला बजावले की छातीच्या रकान्यात आकडाच येईल. त्याने तिसऱ्याच ओळीला मान टाकली. तिथे आकडा नव्हता, 'वरीलप्रमाणे' होते. तुमची पद्धत मला ठाऊक आहे: थोरल्या भावाचे माप टेपने घ्यायचे, धाकट्याचे नजरेने, आणि अंगकाठी जुळली की खाली 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळे व्हायचे. पद्धत उत्तम, पण डेटाबेसला वर आणि खाली कळत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक ओळ एकटी. (हे मला नंतर कळले. आधी कळते तर हे पत्र खुशालीवरच संपले असते.) मी शहाणपणा करून त्याला सांगितले, बाबा रे, अक्षरेही चालतील. त्याने निमूटपणे सगळे गिळले.

पुढच्याच आठवड्यात कुस्तीच्या वस्तादांचा कोट आला. कापड बेतणारा नवा कटर छापील यादीपलीकडे काही बघत नाही. वस्तादांपुढे 'वरीलप्रमाणे', आणि माझ्या नव्या क्रमात त्यांच्या वर शाळेतला तो काटकुळा कारकून, ज्याला तुम्ही 'लवंग' म्हणून नोंदवले आहे. ट्रायलला वस्तादांचा एक हात बाहीत गेला तो बाहेर येईना. तुमची आठवण काढून ते शांतपणे म्हणाले, "मास्तर असते तर हात तरी परत मिळाला असता." बाही उसवताना दुकानात कोणी हसले नाही. मालकीणबाईंनी एवढेच सांगितले, "सोमवारपर्यंत यादी सरळ करा, नाहीतर पुसा. सगळ्यांची मापे नव्याने घेऊ." तुमची तीस वर्षे पुसायला एक बटण पुरते, काका. मी ते अजून दाबलेले नाही.

प्रकृतीस जपावे. काकूस नमस्कार.

तुमचा,
पुतण्या

ता. क. जुनी फाइल जपून ठेवली असेल, असे तुम्ही धरून चालला असाल. नाही. क्रम बदलून मी तीच जतन केली. कोणाच्या वर कोण होते, हे आता फक्त तुमच्या डोक्यात आहे. शुक्रवारी सकाळी रिक्षा घेऊन येतो. दुकानात जिना नाही.

आणखी ता. क. वारलेल्या गिऱ्हाइकांच्या ओळी काढायचा हुकूम आहे, म्हणून बाबांची ओळ शोधली. मग तुमची पाहिली. छाती, खांदा, बाही, सगळीकडे 'वरीलप्रमाणे'. वर कोण होते, हे तुम्हाला विचारायची गरज नाही. बाबा तुमच्याहून वीतभर उंच होते. तुमच्या कोटाच्या बाह्या जन्मभर दुमडलेल्या का असत, ते आता समजले. बाबांची ओळ मी काढलेली नाही; हे गिऱ्हाईक चालू आहे, असे मालकीणबाईंना सांगून टाकले आहे.