रिकाम्या फांदीचं कार्ड

ता. १४, मंगळवार

प्रिय ताई,

तुला नमस्कार, बाबांना तुझ्या हातून. मी मजेत. जेवतो वेळेवर, स्वेटर हरवलेला नाही (बाकावर राहिला होता, मिळाला). एका सायकलवाल्याशी गप्पा मारत बसलो आणि बस चुकली, म्हणून एक दिवस उशीर. ओरडू नकोस. तुझं पत्र इथल्या पोस्टात मिळालं. त्याबद्दल शेवटी लिहितो.

छापखान्यात बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसायची, ती बाई सापडली. आता ऐंशीच्या पुढे आहे. जिन्यावरच्या एका खोलीत राहते, सोबत लंगडं मांजर. त्याला टोपीतच झोपायचं असतं, मावत नाही तरी. अर्धं बाहेर लोंबतं. हे काय सांगत बसलो मी!

तर तिला म्हटलं, चहाच्या पाकिटांत यायची ना, त्या पक्ष्यांच्या कार्डांचा संच जुळवतोय. चोविसावं तेवढं राहिलंय. आमच्या बाबांनीच काढलीत ती.

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "अरे, म्हणजे तू फांदीवाल्याचा धाकटा!"

"फांदीवाला कोण?"

"तुझा बाप. पाखरं मी काढायचे, फांद्या तो. आधी त्याची फांदी, मग तिच्यावर माझं पाखरू. पानापानाला जीव काढायचा मेला, मला बसून राहावं लागायचं."

मी हसलो. वाटलं, म्हातारीचा काहीतरी घोळ होतोय. तर तिनं बोलता बोलता माझ्या बसच्या तिकिटामागे पेन्सिलीनं खंड्या काढला. कार्डावरचा तोच गं. मान तश्शीच वाकडी.

शाळाभर आपण सांगत फिरलो, आमच्या बाबांची पाखरं. बाबा कधी हो म्हणाले नाहीत, हे मला काल आठवलं. नाही पण म्हणाले नाहीत. आपण इतके फुशारलेले असायचो, त्यांनी म्हणावं तरी कधी?

चोविसावं तिच्याकडेच होतं. तेव्हा ती तापानं फणफणली होती, पाखरू राहिलं, आणि घाईत नुसती फांदीच छापली गेली. मागे घुबडाची सगळी माहिती, पुढे घुबडाचा पत्ता नाही! मालकानं गठ्ठेच्या गठ्ठे जाळायला लावले.

"सगळे खो खो हसले," ती म्हणाली. "तुझ्या बापानं तेवढं एक वाचवून मला आणून दिलं. म्हणाला, बघ, हे पहिलंच माझं."

मांजराला बाजूला सारून तिनं ते माझ्या हातात ठेवलं.

आता तुझं पत्र. बाबा ओळखत नाहीत, घास गिळत नाहीत, डॉक्टर एखादा आठवडा म्हणतात. तरी कार्डांचा अल्बम उघडला की बोट टेकवतात. नजर अधू झाल्यामुळे ते पाखराच्या खालीच पडतं, मग तू हात धरून वर पाखरावर नेतेस. हे वाक्य मी तिच्या जिन्यात बसून कितीदा वाचलं, सांगता येत नाही.

उद्या पहाटे निघतोय. कार्ड शर्टाच्या आत आहे. मला तीन गाड्या बदलायच्या आहेत, टपाल माझ्या आधी पोचेल. माझं काही खरं नाही. वेळेवर पोचलो नाही तर, म्हणून आधी लिहितोय.

ताई, त्यांचं बोट हलवू नकोस. पडतं तिथेच राहू दे. ते चुकत नाहीयेत.

या खेपेला वाटेत कुठेही न थांबणारा,
तुझा उडाणटप्पू