साडेसतराचा झगा

३ नोव्हेंबर

चि. भोचक बाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र चष्मा पुसून दोनदा वाचलं. मी दुसरी नापास, तरी तुझ्यापेक्षा माझं अक्षर बरं. तुझ्या सिनेमातल्या खुनी राक्षसाला एक शापित पूर्वज हवाय, महिनाअखेर दिला नाहीस तर लिहायचं काम दुसऱ्याला जाणार, म्हणून तू माझ्या सासऱ्यांवर डोळा ठेवलास! ठेव. मेलेल्या माणसाला कसली अब्रू.

तुझे पणजोबा शिंपी. दुकानाच्या माडीवर दर सोमवारी दुपारी पडदे ओढून त्यांचा पंथ जमायचा. अकरा माणसं, अकरा काळे झगे. आत कुणाला नाव नाही. खांद्याचं माप हेच नाव. साडेसोळा, अठरा, असं. झगा आपला आहे तोवर मरण शिवणार नाही, असं सासरे सांगायचे आणि चांगली शिकलेली माणसं माना डोलवायची. आणखी काय चालायचं ते ठाऊक नाही. जिन्यात उभं राहून माझे कान दुखले, पण दार जाड.

शाप मात्र खरा. साडेसतरा म्हणजे समोरचा घड्याळजी. त्याने पंथ सोडला. सासऱ्यांनी त्याचा झगा उसवला आणि रोज एक तुकडा त्याच्या दारात टाकला. नवव्या दिवशी तो गेला. त्याच्या बायकोने भर रस्त्यात शाप दिला, की तुमच्या वंशात कुणाच्या अंगाला कपडा नीट बसणार नाही. तुझ्या बापाच्या पँटी आठव.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, पत्रात किती ओतू?

तुझी आजी

९ नोव्हेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पणजोबा दिग्दर्शकांना फार आवडले. एकच अडलंय. तूच मागे म्हणाली होतीस, की तू लग्न होऊन आलीस तेव्हाच त्यांचे हात इतके थरथरायचे की सुईत दोराही तू ओवून द्यायचीस. मग एवढे टाके उसवले कुणी? बाबा म्हणाले, आजीला हे विचारू नकोस. म्हणून विचारते.

रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझी भोचक

१४ नोव्हेंबर

चि. भोचक बाईस,
अ. उ. आ.

मी उसवले.

तेव्हा मी एकविसाची. सासरे म्हणाले, शिवण बिघडलीय, उसवून दे. पहिल्या दिवशी बाही दिली. दुसऱ्या दिवशी तीच बाही घड्याळजीच्या दारात पडलेली पाहिली आणि सगळं उमगलं. तरी पुढे सात दिवस खिडकीत बसून उसवत राहिले. समोर तो घड्याळं सोडून माझ्या हातांकडे बघत बसायचा. जेवण टाकलं होतं त्याने. मी एकदा हात वर करून नुसतं नाही म्हटलं असतं, तर बहुतेक उठला असता.

तुझा बाप समजतो, मी सासऱ्यांच्या धाकाने केलं. मी कुणाच्या बापाला घाबरले नाही कधी. मला बघायचं होतं, माणूस खरंच मरतो का.

आता राक्षसाला पणजोबांचा नातू कर नाहीतर माझा. पण बिचारी घाबरली होती, असं लिहिलंस तर याद राख.

लोभ ठेवायचा की नाही, ते आता तूच ठरव.

आजी