पुस्तक तेवढं आणून द्या

ती. वन्संना,

शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावरच. प्रत्यक्षात खाली बसले तर उठवायला दोघं लागतात.) तुमचे गुडघे कसे आहेत? गेल्या खेपेला फोनवर डाव्याची तक्रार होती; एव्हाना उजवाही त्याला सामील झाला असेल. तुमच्या यजमानांचा खोकला कमी झाला का? सुनेशी तुमचं बोलणं सुरू झालं, की अजून सगळे निरोप मांजरामार्फतच जातात? माझी तब्येत ठणठणीत आहे. डोकं तेवढं तापलंय, आणि ते तापवणारे सगळे पगारी आहेत.

मी या वयात विद्यापीठात नाव घातलं तेव्हा तुम्ही हसला होतात. नाकापेक्षा मोती जड, असंही म्हणाला होतात. मी मनावर घेतलं नाही (लक्षात मात्र ठेवलं). हे गेले, बाइंडिंगचं दुकान दुसऱ्याच्या हाती गेलं, आणि एकटीचे दिवस इतके लांबायला लागले की दुपारीच संध्याकाळची भांडी घासून व्हायची. शाळा मी कधी पुरती पाहिली नाही. दुकानात बांधायला येणारी छापील पानं घड्या घालता घालता मी वाचायला शिकले, तेही आधी मधलं, मग शेवटचं, आणि सुरुवातीची पानं छापखान्यातून आली तर सुरुवात. पुस्तक पहिल्या पानापासून वाचतात ही चैन मला विद्यापीठात कळली. वर्ष बरं चाललं होतं. मग ते जुन्या बंदरांच्या इतिहासाचं पुस्तक हाती आलं.

अभ्यासाला लावलेला जाड ग्रंथ. ग्रंथालयातून घरी आणला, उघडला, तर पानं मांडीवर. कुणा दिवट्यानं त्याच्या पाठीवर, भिंतीला गिलावा करावा तसा डिंक थापला होता. पुस्तकाची पाठ वाकली पाहिजे, न वाकणारी पाठ मोडते, असं मामंजी म्हणायचे. तुम्ही लहानपणापासून ऐकलंत, मी लग्नानंतर ऐकलं. आता तुम्हीच सांगा, बाइंडरच्या घरातली बाई असं पुस्तक तसंच परत करील? दारात कण्हत आलेल्याला वैद्य उद्या या म्हणेल? मी चहाच्या वाफेवर तो डिंक सोडवला. निघालेला सगळा गोळा कागदात बांधला आणि ग्रंथपालांना दाखवायला घेऊन गेले. वाटलं, लाजतील.

ग्रंथपाल म्हणजे चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारे गृहस्थ. त्यांनी डिंकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, पुस्तक कुठंय? म्हटलं, घरी, सुखरूप आहे. म्हणजे तुम्ही ग्रंथालयाचं पुस्तक उसवलंत? म्हटलं, तुम्ही ते चिकटवलंत, आधी त्याचं बोला. तर माझं कार्ड बंद. कार्ड बंद म्हणजे परीक्षेला बसायची चिठ्ठी बंद. परीक्षा सोमवारपासून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं.

तिथून माझी यात्रा सुरू झाली. विद्यार्थी सहाय्य केंद्र तिसऱ्या मजल्यावर (ज्यांना सहाय्य लागतं त्यांनी आधी तीन जिने चढून दाखवायचे). आत भिंतभर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘तुम्ही एकटे नाही’. खोलीत मी एकटी. पुष्कळ वेळानं एक तरुण आला, केसाला तेल-पाणी व्यवस्थित, आणि म्हणाला, “काकू, पालकांनी खाली थांबायचं.” मी म्हटलं, मीच विद्यार्थी. तो म्हणाला, हो हो, पण विद्यार्थी कुठाय? मी ओळखपत्र नाकासमोर धरलं. त्यानं माझा फोटो आणि मी, दोन्ही नीट ताडून पाहिलं आणि म्हणाला, फोटोत तुम्ही हसताय. म्हटलं, तो मदत मागायला येण्याआधीचा आहे.

त्यानं मला तक्रार निवारण कक्षात धाडलं. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मान इतकी हलवली की मलाच तिची काळजी वाटली, आणि शेवटी सांगितलं, ही तक्रार नाही, ही विनंती आहे. विनंतीवाले म्हणाले, ही तर शिस्तीची बाब. शिस्तवाल्यांचा डबा उघडलेला होता. तोंडात घास घेऊनच ते म्हणाले, आजी, तुम्ही फार चिडलाय, आधी समुपदेशकांकडे जा. वन्सं, घरात आग लागली म्हणून ओरडणाऱ्या माणसाला घसा बसेल म्हणून सांगण्यातला हा प्रकार.

समुपदेशक म्हणजे तुमच्या धाकटीच्या वयाची पोर. आवाज असा, जणू मी झोपलेय आणि तिला मला उठवायचं नाही. विचारते, हा राग तुम्हाला शरीरात कुठे जाणवतो? म्हटलं, आत्ता तुमच्या खुर्चीपर्यंत पोचलाय. घरी कोण असतं? कुणी नाही. मग नेमकं काय अवघड जातंय? मी पिशवीतली डिंकाची पुडी काढली आणि पुन्हा आत ठेवली. तेव्हा तिनं मला दाबायला एक मऊ चेंडू दिला. कार्ड मागायला गेले आणि चेंडू घेऊन आले. सध्या तो स्वयंपाकघराच्या दाराला लावलाय, दार आपटत नाही.

आणि या सगळ्यांचं पालुपद काय? ग्रंथपालापासून त्या पोरीपर्यंत प्रत्येकानं निघताना एकच सांगितलं: पुस्तक तेवढं आणून द्या, कार्ड लगेच चालू होईल. मदत मागायला आलेल्या माणसालाच काम सांगायचं, ही कुठली रीत?

असो. तुम्ही प्रकृतीला जपा. लहानांना आशीर्वाद. मांजराला विचारलं म्हणून सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. पुस्तक सुखरूप आहे असं वर लिहिलंय. आहे, पण सुटं. जेवणाच्या टेबलावर पसरलंय, मी ताट मांडीवर घेऊन जेवते. डिंक निघाला तेव्हा खालची जुनी शिवण दिसली. टोकाला दोन वेढ्यांची गाठ आणि दोऱ्याचं शेपूट डावीकडे. डावऱ्या हाताची. आमच्याच दुकानातून गेलेलं पुस्तक, वन्सं, यांनी बांधलेलं. दोरा इतका विरला होता की हात लावला आणि सुटला. एवढी एक टोकाची गाठ राहिलीय, ती मी वाटीखाली झाकून ठेवलीय. हे मी तिथं कुणालाच सांगितलं नाही. त्या पोरीनं विचारलं होतं खरं, तिला उगाच बोल लावला.

ता. क. दुसरा. शिवता मलाही येतं, पण माझी गाठ साधी आहे. ती मारली की यांची या पुस्तकातून गेली. मामंजींनी ती गाठ तुम्हा दोघा भावंडांनाच शिकवली. मी शिकव म्हटलं की हे म्हणायचे, गाठ मी मारतो, तू वाच. तेव्हा शनिवारपर्यंत या. दाभण इथं आहे, दोरा तुमच्या पसंतीचा आणा. जिना नाही, गुडघ्यांचं निमित्त चालणार नाही. तुम्ही गाठी मारा, मी वाचून दाखवीन. यंदा पहिल्या पानापासून.