डावा कान आणि तीन छत्र्यांचं रबर

३ नोव्हें., सोमवार
सकाळीच लातूरहून बाईंचा फोन. त्यांची पेटी मी गेल्या आठवड्यात सुरात लावून पाठवली होती. म्हणाल्या, "पंचम थरथरतोय हो, मधला. तुमच्या हातनं असं कधी झालं नव्हतं." बाईंचं सगळं आयुष्य गाणं शिकवण्यात गेलं, त्या उगं बोलणार नाहीत. पण तो पंचम मी स्वतः कानाशी धरून लावलाय. एका पट्टीखाली दोन सूर, म्हणजे पितळी पात्या असतात, दोन्ही एकजीव झाल्याशिवाय मी पेटीचं झाकण लावत नाही. जरा मागंपुढं राहिले की लहर येते, वँव वँव. मला लहर ऐकू आली नव्हती.
बाईंनी रियाजाचं रेकॉर्डिंग पाठवलंय. मोबाईलच्या एवढ्याशा भोंग्यातनं काय डोंबल कळतंय.

४ नोव्हें.
दुकानाला लागूनच सलीमभाईचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. त्याला म्हटलं, लई बारीक ऐकायचंय, कायतरी दे. पहिला इअरफोन दिला तो कानाच्या तोंडाशी अडकणारा. नुसती धडधड, वरातीतला बँड. दुसरा जरा बरा, पण रस्त्यावरची रिक्षा बी बाईंच्या बरोबरीनं गाऊन राहिली होती. सलीमभाई म्हणाला, "उस्ताद, तुमको वो होना जो पूरा अंदर जाता. मगर सबको जमता नै."
फोटो दाखवला. बारीक नळी, तिच्यावर तीन छत्र्यांचं रबर, खाली मोठी, मधे मधली, टोकाला इवलीशी. कानाच्या बोगद्यात वळणाच्या पुढं जाऊन बसतं म्हणे. बाहेरचं सगळं बंद. मागवून टाकला.
बायको, रेखा, म्हणाली, "कानात घालायचंय का मेंदूत?"

५ नोव्हें.
झोप नीट लागली नाही. कारण लिहून टाकतो, नाहीतर तेच डोक्यात घोळत राहील. दादांचा, माझ्या वडिलांचा, डावा कान पन्नाशीत गेला. मग उजवा. त्यांनी पेट्या लावणं सोडलं तेव्हा माणसं उमरीहून, जळकोटहून येऊन परत जायची, आणि दादा ओट्यावर बसून "पोरगा लावतो आता" म्हणायचे. मला आता अठ्ठेचाळीस. आमच्या धंद्यात हात कापला तर चालतं, कान गेला की संपलं.
पंचम मी डाव्या कानाशी धरून लावला होता. कायम तसाच लावतो, उजव्या हातात कानस असते म्हणून.
रेखाला सांगितलेलं नाही.

७ नोव्हें., शुक्र.
आला. डबीत चार जोड रबर, मोहरीएवढ्या जाळ्या, आणि त्या बदलायला सुईसारखं एक हत्यार. असलं नाजूक सामान बघितलं की मला बरं वाटतं.
घालायला अर्धा तास गेला. सरळ ढकलला तर दुखतंय आणि आवाज पत्र्याच्या डब्यातला. मग भात्याचं आठवलं. भात्यात फट असली की पेटी भरत नाही, कितीबी दाबा. इथंबी हवा गळतेय. रबर ओलं केलं, दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर-मागं ओढली, हळूहळू फिरवत आत. एका जागी जग बंद झालं. रेखा तोंड हलवून राहिली, आवाज नाही. माझा श्वास मलाच ऐकू येऊन राहिला, मोठा, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.
काढताना मात्र घाई केली. पडदा आत खेचल्यागत झाला, डोळ्यात पाणी. हळूहळू, आधी एका बाजूनं हवा शिरू द्यायची. भात्याची अक्कल इथं का नाही वापरली कुणास ठाऊक.

८ नोव्हें., शनि.
दिवसभर गिऱ्हाईक नाही, बरंच झालं. आवाज अगदी कमी ठेवला तरी पुरतो. एका रेकॉर्डिंगमधे वाजवणाऱ्याची नखं पट्ट्यांवर टिकटिक करून राहिलीत, इतकी वर्षं ऐकतोय, कधी कळलं नव्हतं. भाता सोडल्यावरचा उसासा. गाणारीनं ओळ सुरू करायच्या आधी ओठ ओले केले तेबी ऐकू आलं. मग त्यातच भाकरी खाऊन बघितली. शेजारी कुणी खडी फोडून राहिल्यासारखं वाटलं, काढला.
मग बाईंचं रेकॉर्डिंग. पंचमात लहर आहे. स्पष्ट. बाई खऱ्या.
संध्याकाळी मायनं करडईचं तेल कोमट करून डाव्या कानात घातलं. दर शनिवारी घालते, दादा गेल्यापासून, फक्त डाव्यात. "आपल्या घरात डावाच कच्चा हाय," म्हणते. बाईंचा फोन आल्याचं तिला रेखाकडनं कळलं, आता रोज घालणार म्हणाली. नको म्हणायचं बळ मला नाही.

१० नोव्हें.
एक एक कान करून ऐकलं. आधीच करायला पाहिजे होतं, पण धीर झाला नाही.
उजवा: पंचमात लहर, सेकंदाला दोन.
डावा: लहर नाही. सूर गुळगुळीत, लोण्यासारखा. आवाजबी जरा लांबून.
मोबाईलवरचं रेकॉर्डिंग आहे, दोन्ही बाजूंना एकच वाजतंय. मग फरक कशाचा?
माझ्या डाव्या कानाला सगळं जुळलेलंच वाटतंय. अशा कानानं मी कितीक पेट्या लावून पाठवल्या असतील.

११ नोव्हें.
रात्रभर उलटसुलट विचार, सकाळी डोकं चाललं. अरे, कान बदलता येत नाही, पण नळी तर बदलता येते. डावी नळी उजव्या कानात घातली, उजवी डाव्यात.
आता गुळगुळीत उजव्या कानात.
म्हणजे दोष नळीचा. कानाचा नाही. एवढा आनंद झाला की रेखाला बिनकारण म्हटलं, चल, आज बाहेर इडली खाऊ. ती संशयानं बघून राहिली माझ्याकडं. इडली खाल्ली, वर दोन वेळा सांबार मागितलं.

१२ नोव्हें.
सलीमभाईनं भिंगाखाली डावी नळी धरली. बघितलं, वास घेतला, हसायला लागला. "उस्ताद, इसमें भजे तळके खाये क्या?" जाळी तेलानं पूर्ण बुजलेली. मायचं करडईचं. कानात खोल जाणारी वस्तू, आणि त्याच कानात रोज कोमट तेल. कंपनीवाल्यानं कागदावर सतरा सूचना छापल्यात, ही कशी सुचणार त्याला.
सलीमभाईनं नवी जाळी बसवून दिली. पैसे घेईना. त्याच्या मामूची पेटी मी लावून दिली होती म्हणे, मला आठवतबी नाही.
मायला कसं सांगू की तेल घालू नको. आज घालून घेतलं, पण वर कापूस ठेवला आणि नळीला हात लावला नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
हे लिहावं का नाही.
दोन दिवस समाधानात गेले. आज सहज म्हणून कापसानं कान कोरडा केला, दोन्हीकडं नवं रबर, नवी जाळी, परत एक एक कान. उगं खात्री करायला. खात्री झाल्यावर पुन्हा खात्री करायची ही सवय दादांची.
उजवा: लहर आहे.
डावा: आवाज आता खणखणीत. तेलाचा गुळगुळीतपणा गेला. पण लहर…
नळ्या बदलल्या. उजव्या कानात परत लहर आली, डाव्यात परत नाही. या खेपेला दोष नळीबरोबर फिरला नाही. कानातच राहिला.
म्हणजे दोन दोष होते. जाळीच्या आड कानाचा लपला होता, आणि त्या दिवशी डावा कान परत न तपासताच मी नळीच्या दोषाचा आनंद मानून इडल्या खाऊन राहिलो.

१५ नोव्हें., शनि.
भीती आहे, ती कबूल. पण तिच्याशेजारी एक कुतूहलबी बसलंय आणि ते हलायला तयार नाही. नेमकं काय ऐकू येत नाही मला? दुकानातले सुटे सूर घेऊन बसलो. खर्जात डावा कान ठीक. मधल्या सप्तकात लहर जाड असली की कळते, बारीक झाली की निसटते. वरच्या सप्तकात उजव्याच्या मानानं अर्धाच. एका वहीच्या पानावर सगळं उतरवलं, कान डावा, कान उजवा. पेटीची करतो तशीच तपासणी. करताना बरं वाटत होतं. पान भरल्यावर नाही.
दादांनी असं कधी मोजलं असेल का? का त्यांना सगळं जुळलेलंच वाटत राहिलं, लोक परत जाईपर्यंत?

१९ नोव्हें., बुध. लातूर
बसनं आलो. बाई म्हणाल्या पेटी पाठवते, मी म्हटलं, नको, तुमच्या समोर लावतो. पेटी उलटी फिरवून बसलो, सूर उजव्या कानाशी, कानस डाव्या हातात. लहान पोरानं पहिल्यांदा पाटी धरावी तसं. एक सूर टोकाला जास्त घासला गेला, चढला, मग मुळाशी घासून उतरवला. अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास.
मग खिशातला इअरफोन काढून बाईंच्या मोबाईलवर नवं रेकॉर्डिंग करून ऐकलं. बाई डोळे मोठे करून म्हणाल्या, "हे काय घालून राहिलात कानात?" त्यांनाबी घालून दिला, पाळी वर ओढून. स्वतःचा रियाज शेवटपर्यंत ऐकला. काढल्यावर म्हणाल्या, "मी तानेच्या आधी एवढा मोठा श्वास घेते? पोरींना सांगते घेऊ नका म्हणून." आम्ही दोघंबी हसलो.
पंचम बसला म्हणाल्या. मग जाताना, "तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, हाव. कानाचं बोललो नाही. त्या पेट्या पाठवायच्या थांबतील म्हणून नाही. त्या थांबणार नाहीत, आणि तेच सहन झालं नसतं.

२२ नोव्हें., शनि.
माय वाटी घेऊन आली. म्हटलं, आज नको. "का रं?" म्हटलं, त्या यंत्रात जातंय तेल. "मंग यंत्र नको घालू." एवढं सोपं उत्तर. मी कान पुढं केला नाही. ती वाटी घेऊन तशीच उभी राहिली थोडा वेळ. मला लई वाईट वाटलं.
रेखाला सगळं सांगितलं. पंचम, नळी, तेल, वहीचं पान. ती म्हणाली, "अन मला वाटलं गाण्याचं येड लागलंय." मग वहीचं पान नीट वाचलं, घडी करून स्वतःच्या पर्समधे ठेवलं. डॉक्टरला दाखवायला.

२४ नोव्हें., सोम.
कानाचे डॉक्टर. आत दिवा टाकून बघितलं. डाव्यात तेल आणि मळ मिळून बूच बसलंय, रबरानं ते आणखी आत ढकललंय. औषध घालून, पाणी मारून काढलं. म्हणाले, यामुळंबी कमी ऐकू येत असेल, नाहीतर आतल्या कानाचंच काही असेल. सूज उतरू द्या, आठ दिवसांनी तपासणी. तोवर तेल नाही, नळी नाही, काडी नाही.
वहीचं पान बघून म्हणाले, "हे कुणी काढलं?" मी म्हटलं, मीच. "आमच्या मशीनचाबी कागद असाच दिसतो." ते ऐकून वेड्यासारखा खूश झालो.

२७ नोव्हें.
डबी कपाटात. चार वेळा काढली, चार वेळा ठेवली. आता कान कोरा आहे, दोन मिनिटांत कळेल लहर आहे का नाही. डॉक्टरला काय कळणार घातला तर.
नाही घातला.

३० नोव्हें., रवि.
उमरीहून एक पेटी आली, भजनाची, भाता फाटका, सुरांवर हळदकुंकू. भाता शिवला. सूर लावायला बसलो, आपोआप पेटी उलटी फिरवली, कानस डाव्या हातात. आता हात बरा बसून राहिलाय.
माय दारात मेथी निवडत होती. किती वेळ बघत होती माहीत नाही. म्हणाली, "कवापासून असा उल्टा बसायलास?"
म्हटलं, दहा-बारा दिवस झाले.
ती मेथीकडं बघत म्हणाली, "तुझ्या बापानं दोन वर्सं तसंच बसून काम केलं. कुणाला बोलला न्हाई. मला वाटलं पाठ दुखतीया त्याची. म्हणून मी पाठीला तेल लावून राहिले."
मी सूर खाली ठेवला. म्हणजे दादांना माहीत होतं. दोन वर्षं.
मग विचारलं, माय, उद्या साडेदहाला तपासणी आहे, येतीस का? तिनं मेथीच्या काड्या पदरातून झटकल्या. "येते की. पण मला आत बसू द्या म्हणावं. मशीन काय म्हणतं ते मलाबी ऐकायचंय."
पेटीतला पंचम अजून लावायचा राहिलाय. उद्या आल्यावर लावीन. कुठल्या कानानं ते तेव्हा ठरेल.