तोडलेले हिरवे घड

चिन्मयदादा,

हे पत्र पाठवणार नाही. तू लगेच फोन करून "आधी सांगायचंस ना" म्हणशील.

आज पुन्हा तुझ्या मर्लो द्राक्षांच्या बागेत हिरवे घड तोडले. काडीवर एकच ठेवायचा, म्हणजे सगळी गोडी त्यात उतरते आणि वाइन दाट होते, हे तू फ्रान्सला जाऊन शिकलास. बाबांना ते न शिकताच येत होतं. तुला पाठवायला त्यांनी माझं कॉलेज बंद करून मला शहरात कोठी भागातल्या दवाखान्यात कामाला लावलं. आता तू पुण्यात, बाग माझ्या गळ्यात. दमते रे.

तोडलेले घड विद्यानगरला घरी आणते, खट्ट्या दाळीत चिंचेऐवजी घालते. दाळ मी केलेली, पण घड तुझ्या बागेतले, म्हणून आई मिटक्या मारत म्हणते, "चिन्मयच्या हाताला चव आहे हो!"

अजून बागेतच,
माधवी