पोटावरचा हात

पाटोदा, दि. ११ मार्च १९९६

आज मला शेजारच्या किसनचा हेवा वाटला. लाज वाटते, तरी खरे तेच लिहितो. त्याची बायको शांता माझ्या सुमनसारखीच, वेडावरच्या गोळ्या घेणारी. सकाळी तिचे पोट दुखू लागले, म्हणून मी दवाखान्यात सोबत गेलो. डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे नवऱ्याला विचारले. किसन म्हणाला, "मला काय कळतंय सायेब? पोट तिचं हाय, तिलाच इचारा."

शांता असंबद्धच बोलली. डॉक्टरांनी मात्र तिच्या पोटावर हात ठेवला. उजवीकडे दाबताच ती कळवळली. अपेंडिक्स. लगेच बीडला न्यायला सांगितले.

गेल्या वर्षी त्याच दवाखान्यातल्या बाकावर सुमन पोट धरून बसली होती. ती बोलू लागताच मी म्हणालो, "तू थांब, मी नीट सांगतो." तिच्या मनोविकाराचा इतिहास मी क्रमवार, शुद्ध भाषेत सांगितला. इतके नीट का सांगितले मी? डॉक्टरांनी झोपेची गोळी वाढवली. पोटावर कोणी हात ठेवला नाही. मीही नाही. चौथ्या दिवशी ती गेली.

जीपमध्ये बसताना किसन ओशाळून म्हणाला, "तुमच्यावानी बोलाया येत न्हाई मला, गुरुजी."

शांताने त्याचा हात धरला होता. मी नजर वळवली.