गिरीराज अण्णांना सात पत्रं

१० फेब्रुवारी, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. इतिहास घडतो आहे, आणि घडवणाऱ्यानेच तो लिहिलेला बरा.
आमच्या बसवनगुडीच्या वॉर्डात निवडणूक लागली. विरोधी पक्षाचे उमेदवार गिरीराज अण्णा. दोन गल्ल्या सोडून राहतात. माणूस चांगला, पण त्यांच्याजवळ सल्लागार नाही. तो मी. आमचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इथे आले ते सल्ला द्यायलाच. (पुरावा नाही. माझ्याकडे बघून कळतं.)

सायं. ७
पत्र क्र. १ तयार. पहिली प्रायॉरिटी: आमच्या फाटकासमोरची, गटारावरची फरशी. चार महिने गायब. आमच्या हिचा, अनुसूयाचा, पाय त्यात मुरगळला, अजून लंगडते. उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आत फरशी बसवून दाखवतो, असा तिला शब्द दिला आहे. बाकी रस्ते, पाणी, कचरा वगैरे पान दोनवर.
पुतण्या हर्ष मारतहळ्ळीहून आला होता. आयटीत आहे. म्हणाला, काका, मराठीत कशाला? कन्नडमध्ये लिहा, नाहीतर इंग्लिशमध्ये व्हॉट्सॲप करा. मी म्हटलं, माझं कन्नड बोलायला फर्स्टक्लास, लिहायला स्वल्प. खोल विचार मातृभाषेतच सुचतात. नेत्याला समजतं. हसला. ऑफिसातही असाच हसत असणार.

११ फेब्रुवारी
पत्र पोचवलं. वर ॥ श्री ॥, चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू. आमच्या घरातून महत्त्वाचा कागद कोरा जात नाही. देवळातून परतताना दिलं, म्हणून वर प्रसादाचं फूलही ठेवलं. अण्णांच्या वॉचमनने चपला काढल्या, दोन्ही हातांनी घेऊन डोळ्यांना लावलं. नागरिकाचा केवढा हा मान! सत्ताधाऱ्यांच्या दारात हे होणे नाही.

१५ फेब्रुवारी
पत्र क्र. २ काल दिलं: लाउडस्पीकर बंद करा. आज प्रचाराची रिक्षा आवाज न करता गेली! अनुसूया म्हणते, बॅटरी उतरली होती, ड्रायव्हर डब्याला लाथा घालत होता. तिला राजकारण कळत नाही.

२१ फेब्रुवारी
पत्र क्र. ३: पायी फिरा. अण्णा आज पायी! हर्ष फोनवर म्हणाला, ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली असेल. असेल. ट्रॅफिक सत्ताधाऱ्यांचं, पाय आमचे.

२७ फेब्रुवारी
पत्र क्र. ४: टीका नको, मौन पाळा. अण्णा गल्लीत आले, हात जोडले, एक अक्षर बोलले नाहीत. गाल सुजलेला. मेडिकलवाला म्हणाला, रूट कॅनाल. मी म्हणतो, संयम.
आमच्या फाटकाशी आले, खड्ड्याकडे बघितलं, ओलांडून गेले. म्हणजे पत्र क्र. १ वाचलंय.
संकल्प: विजयानंतर मोठं पद मागायचं नाही. छोटं दिलं तर नाही म्हणायचं नाही. ‘मानद सल्लागार’ अशी कार्डं छापायला टाकली.

८ मार्च
पत्र क्र. ७ गेलं. अनुसूयाने विचारलं, एकाचं तरी उत्तर आलं का हो? उत्तर! रणांगणावरचा माणूस उत्तरं लिहीत बसतो का? मग ती लंगडत रांगोळी घालायला गेली. मला फार वाईट वाटलं. कार्डं आली होती, ती कपाटात ठेवली.

१७ मार्च, दुपारी
निकाल. अण्णा तिसरे.
दोन तास पडून होतो. मग लक्षात आलं: कुठेतरी माझ्या पत्रापासून ढळले असणार. उगादीच्या शुभेच्छा द्यायला जायचं आणि कुठे चुकलं ते शांतपणे सांगायचं.

१९ मार्च, उगादी, सकाळी ११
गेलो. अण्णांच्या पत्नी, कस्तुरी अक्का, दारात आल्या. वॉचमनने त्यांना सांगितलं, पत्रंवाले हेच. अक्का वाकून पायाच पडल्या. थेट देवघरात नेलं. तिथे माझी सातही पत्रं, लॅमिनेट करून, फ्रेममध्ये. वर मोगऱ्याचा हार, पुढे निरांजन.
म्हणाल्या, स्वामी, एवढे मंत्र पाठवलेत, पण आमच्या घरात संस्कृत कुणालाच वाचता येत नाही. नुसती फुलं वाहत गेलो. म्हणून तर हरलो. एकदा तुमच्या तोंडून होऊ दे.
अण्णा आले, अंगावर शाल. हात जोडून, डोळे मिटून बसले. मागे सगळी कार्यकर्ते मंडळी, तीही डोळे मिटून.
सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं माझं ऐकायला बसली होती.
पत्र क्र. १ सुरात म्हटलं. ‘आमच्या फाटकासमोरची फरशी’ तीन वेळा. प्रत्येक वेळी अण्णांनी मान डोलावली.

दुपारी १२
नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन परतलो. फाटकाशी पाय खड्ड्यात गेला. नारळ वाचला.
अनुसूया लंगडत बाहेर आली, मी लंगडत आत गेलो. तिने विचारलं, फरशीचं बोललात का?
म्हटलं, बोललो. तीनदा.